नासूनाचा आवाज

न्येंडो, मसाका
४ ऑक्टोबर

नाकातो,

फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, म्हणून हा कागद. कंपालाच्या टॅक्सी-व्हॅनवरच्या सेम्पा कंडक्टरच्या हाती देतेय. त्यानं विचारलं, "प्रेमपत्र की काय?" मी म्हटलं, "शिव्या आहेत. नीट धर, सांडतील."

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली मला रोज ऐकू येते. न्येंडोत ज्याच्या त्याच्या फोनमधून तू बोलत असतेस. भाजीवाली कोबी निवडते आणि तिच्या मांडीवर तू रडतेस. बोडावाला गिऱ्हाइकाची वाट बघत मोटारसायकलवर लवंडतो आणि त्याच्या खिशातून तू सासूला उत्तरं देतेस. मिठागरावरची ती कोरियन मालिका, जिच्या नायिकेला आपण आपल्या सिनेमाच्या हॉलमध्ये, चित्रावर माइकवरून बोलताना, नासूना हे नाव दिलं, ती आता तुमच्या कंपनीच्या ॲपवर रीतसर लुगांडात बोलते, आणि बोलते ती तुझ्या तोंडानं. नाव आपल्या हॉलमधलं. 'मीठ संपलं की माणूस आठवतो' हे वाक्य तर निव्वळ माझं. ती कोरियन बाई तिथं खरं काय म्हणते ते देव जाणे, आपल्याला कुठं कोरियन येत होतं! बाबांच्या खुर्चीत बसून, माइक तोंडाशी धरून, पडद्याकडे बघत मी ते तिथल्या तिथं रचलं होतं. तू आयत्या बिळावर नागोबा झालीस.

आणि गंमत अशी की शाबासकी मला मिळते. तुझा माझा आवाज एक. लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, "बाबिर्ये, काल काय रडलीस गं!" आपल्या हॉलच्या दाराशी तळलेले टोळ विकणारी तेओपिस्ता परवा घरचा फणस घेऊन आली. डोक्यावरून उतरवताना तिची मान वाकडी झाली. "नासूनासाठी," म्हणाली. मी खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाबा गेल्यापासून त्या हॉलमध्ये नासूना आणि नासूनासारख्या सगळ्या गुणी पोरी मीच होते, थोरली म्हणून. सासवा, नणंदा, कारस्थानी मैत्रिणी तुझ्याकडे. म्हटलं, त्या रडण्यात थोडं माझंही असणारच. फणस ठेवून घेतला. निम्मा तुझ्यासाठी बाजूला काढायला हात गेला, लहानपणाची खोड. मग ठरवलं की ही खोड आता मोडायची. सगळा एकटीनं खाल्ला. पोट दुखून लोळत पडले.

आईला मात्र फसवता येत नाही. जुळ्यांची आई, साऱ्या गावाची नालोंगो ती. तेओपिस्ताच्या फोनला कान लावून बसते आणि म्हणते, "ही नाकातो. बाबिर्ये रडताना शब्दाचं शेपूट गिळते, ही गिळत नाही." शेजारणींसमोर म्हणते. माझ्यासमोर म्हणते.

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. मटोक्याची केळी करपली ती चूल जास्त पेटली म्हणून.

गेल्या वर्षी भरल्या हॉलमध्ये माइक खाली ठेवून तू निघून गेलीस, त्याबद्दल मी अजून एक शब्द काढलेला नाही, आताही काढत नाही. मी एवढंच म्हणाले होते की सासूचा आवाज तुला उपजतच आहे. कौतुक होतं ते. लोक हसले, त्याला मी काय करणार?

बाबिर्ये


न्येंडो
१९ ऑक्टोबर

नाकातो,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. हे पत्र मदत मागायला नाही, माहिती विचारायला आहे. फरक लक्षात घे.

मागचं पत्र धाडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरकारी माणसं आली. आपल्या रस्त्यावरचे सगळे हॉल पालथे घातले. माणसं सभ्य होती, चहासुद्धा प्यायली. पण बाबांच्या वेळेपासूनच्या डिस्क आणि मी बाजारातून भरून आणलेल्या सगळ्या पेनड्राइव्ह पोत्यात घालून घेऊन गेली. अदबीनं म्हणाली, "न्याबो, ज्यानं हा सिनेमा केला त्याचा कागद दाखवा. कागद नसेल तर नोव्हेंबर संपला की हॉलला कुलूप." मी म्हटलं, "त्या कोरियातल्या माणसाला आमच्या न्येंडोचं नाव तरी ठाऊक आहे का?" त्यांच्यातला एक म्हणाला, "त्याला नसेल, कायद्याला आहे."

ठीक आहे. मी ठरवलं, यापुढे सगळं सरळ मार्गानं. सरळ मार्ग किती वाकडा असतो ते ऐक.

तेओपिस्ता तुमच्या ॲपचे पैसे भरते. तिच्या फोनवर मालिकेचे भाग उतरवून घेता येतात. मला वाटलं, झालं काम. पण तो उतरवलेला भाग फोनच्या बाहेर पाऊल टाकत नाही. दुसऱ्या फोनवर जात नाही, पेनड्राइव्हवर जात नाही, आणि काही दिवसांनी आपला आपण नाहीसा होतो. तेओपिस्तानं आधी नवऱ्याला दोष दिला, मग दिराला. शेवटी तिच्या भाचीनं सांगितलं की ते ॲपच परत घेतं.

मग मी तिचा फोनच वायरीनं हॉलच्या मोठ्या टीव्हीला जोडला. हॉल गच्च भरलेला. टोळांचा हंगाम, प्रत्येकाच्या हातात पुडी. नाव झळकलं, संगीत वाजलं, आणि चित्र काळं. ठार काळं. ॲप शहाणं आहे, परका पडदा दिसला की चेहरा झाकून घेतं. आवाज मात्र चालू. माझ्या हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीसमोर, अंधारातून तू बोलत होतीस. मी वायर उपटायला धावले तर लोक ओरडले, "राहू दे, राहू दे!" आणि अख्खा भाग त्यांनी काळ्या पडद्याकडे बघत ऐकला. कुणी उठलं नाही. टोळ चावायचेसुद्धा थांबले होते. मी माइक हातात धरून दाराशी उभी होते आणि माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडून पत्र लिहवून घेतलं आणि अशा मालिका दाखवणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीला धाडलं. उत्तर फार गोड होतं. त्यांचे पैसे भरले तर घरच्यांनी घरी बघायचं, तिकीट लावून दाखवायचं नाही. हॉलसाठी परवाना वेगळा. आणि युगांडातल्या हॉलांना या मालिकांचा परवाना देण्याचा हक्क एकाच कंपनीकडे आहे. पुढे पत्ता दिला होता.

तुमचा.

काखेत कळसा नि गावाला वळसा. मला फक्त सांग, तो परवाना कोण देतं आणि तिथं काय काय न्यावं लागतं. एक ओळ लिही. सही केली नाहीस तरी चालेल.

बाबिर्ये


न्येंडो
६ नोव्हेंबर

नाकातो,

तू ओळ लिहिली नाहीस, म्हणून मी स्वतः गेले. तुझ्या ऑफिसात. होय, गुरुवारी. तू दाढ काढायला गेली होतीस, त्या दिवशी.

जिना चढून वर पोचले तर समोर भिंतीवर तू. माणसाहून उंच. डोळ्यांत पाणी आणि कानाला ती दोन डबडी. मी बघत उभी राहिले, तर टेबलामागची पोर, प्रॉसी, उठून धावत आली. "अगं नाकातो! दाढ काढून एवढ्यात आलीस? गाल सुजला नाही ते नशीब. चल, चल, तो दारापुढचा प्रसंग अडलाय, सगळे खोळंबलेत."

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण तिनं हात धरला आणि बोळातून ओढत नेता नेता म्हणाली, "साहेब उगाच तुला परत परत करायला लावतात. जिची बाबिर्ये उडून गेली, तिला रडणं काय शिकवायचं?"

मी थांबले. "काय म्हणालीस?"

"चुकलंच माझं. तुझ्यापुढे तिचं नाव काढायला नको होतं."

तर मी उडालेय. जुळ्यातलं कुणी गेलं तर त्याला मेलं म्हणत नाहीत, ते उडतं. तेवढी रीत तू पाळलीस. नीट, रीतसर मला उडवलंस. कुणाला शंका नको म्हणून डोळेही पुसले असशील, ते तुला आता पगारी जमतं.

का, तेही मला त्या बोळात कळलं. नाकातो हे नाव ऐकलं की कुठंतरी बाबिर्ये असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि जुळ्यातल्या एकीला काही दिलं नि दुसरीला दिलं नाही तर देणाऱ्याच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठतात, हे तुमच्या कंपनीच्या सुटाबुटातल्या मुकीबीसाहेबांनाही आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. मी जिवंत असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, "थोरली कुठाय? तिलाही आण." तुला ते नको होतं.

मी तुझ्या खोलीत गेले. भिंतींना गाद्या लावलेली ती खोली. मुकीबीसाहेब काचेपलीकडे. गुडघे टेकून नमस्कार केला, तुझ्या नावानं. पडद्यावर नासूना बर्फात उभी, शालीत गरम रताळी, समोर बंद दार. कागदावर लिहिलेलं होतं: 'दार उघड. मी काही मागायला आलेले नाही.' आणि मी तर मागायलाच आले होते, नाकातो. परवाना मागायला आले होते आणि माझी अंत्ययात्रा निघून गेलेली होती. मी ते वाक्य म्हटलं. एकदाच. साहेबांनी काचेपलीकडे कानांवरची डबडी उतरवली. मग म्हणाले, "आज हे कुठून आणलंस?"

मला किती बरं वाटलं ते मी लिहिणार नाही.

जाताना प्रॉसीच्या टेबलावरचा परवान्याचा कागद उचलून आणला. हॉल ज्याच्या नावावर असेल त्यानं स्वतः यायचं, ओळखपत्र दाखवायचं, साहेबांसमोर सही करायची. हॉल बाबांनी माझ्या नावावर केलाय. ओळखपत्रावर माझं नाव, तुझ्याच बापाचं नाव, तुझीच जन्मतारीख आणि तुझाच चेहरा. मी सही केली की मी जिवंत. मी जिवंत झाले की तू खोटारडी, आणि मुकीबी जुळ्यांच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या बाईला उंबऱ्यात उभी करायचे नाहीत. मी सही केली नाही तर महिनाअखेर बाबांच्या हॉलला कुलूप.

आणखी एक अट आहे त्यात. परवान्याच्या खेळावर वरून कुणी माइकवर बोलायचं नाही. आवाज कंपनीचाच. म्हणजे परवाना मिळूनही माझ्या हॉलमध्ये तू बोलणार आणि मी तिकिटं फाडणार.

आईला तुझं हे कर्तृत्व सांगितलेलं नाही. सांगावंसं रोज वाटतं. तुझी मान माझ्या मुठीत आहे आणि खोटं कशाला बोलू, मजा येतेय. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की हेवा वाटत नाही. ते खोड. वाटतो. त्या भिंतीवरच्या चित्राला नख लावावंसं वाटलं होतं.

मंगळवारी, चौदा तारखेला, मी ओळखपत्र घेऊन येतेय. तुला काय करायचं ते कर.

बाबिर्ये


कंपाला
१० नोव्हेंबर

बाबिर्ये,

शिव्या सांडल्या नाहीत, सगळ्या पोचल्या.

माफी मागत नाही. तू मागितली असतीस तर मीही मागितली असती.

तुला आठवतं का, फ्रॉकचं कापड एकाच ताग्यातलं यायचं. एक लाडू आला तरी आई सुरी घेऊन बसायची. एकीनं बशी फोडली तर मार दोघींना. लोक म्हणायचे, किती भाग्याच्या पोरी, सगळं सारखं! सारखं कुठं होतं? नायिका तुझी, सासू माझी. बाबांनी हॉल तुझ्या एकटीच्या नावावर केला तेव्हा कुणाच्या अंगावर चट्टे उठले नाहीत. मी तेव्हा बाबांचे हात रोज निरखून बघत होते. साधी पुटकुळीसुद्धा नव्हती.

मला जन्मात एक गोष्ट अख्खी हवी होती. निम्मी कापून तुझ्या ताटात न टाकता. म्हणून तुला उडवलं. पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री लागली.

तू हेव्याचं लिहिलंस, तर माझंही ऐक. दारापुढचा तो प्रसंग आठवडाभर अडला होता, कारण तुझं ते शेपूट गिळणं मला येत नाही. इथं आल्यापासून करून बघतेय. आरशापुढे, न्हाणीघरात, बसमध्ये. एकदा शेजारच्या बाईनं पाणी देऊ का विचारलं. दाढ काढून दुसऱ्या दिवशी आले, तर मुकीबी म्हणाले, "कालचं तुझं सगळ्यात उत्तम." मला ऐकवलं. पहिल्या शब्दाला ओळखलं. पुसून टाकता आलं असतं, माझ्या हातात होतं. राहू दिलं. ते कौतुक मी ठेवून घेतलं, तू फणस ठेवून घेतलास तसं. तेव्हा मला सारखं सारखं शिकवू नकोस.

तू मंगळवारी येतेस. मी सोमवारीच साहेबांना सगळं सांगते. तू मला उघडं पाडलंस असं मला ऐकून घ्यायचं नाही. पडेन तर माझी मी पडेन. आईला काही सांगू नकोस. हे मात्र मागते.

नाकातो


न्येंडो
२ डिसेंबर

नाकातो,

मंगळवारी तू ऑफिसात नव्हतीस. निकाल लागेपर्यंत साहेबांनी तुला घरी बसवलं होतं. निकाल तुला कळलाच आहे, पण आत काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. लाज वाटत असेल त्यांना. म्हणून लिहिते.

आत गेले, गुडघे टेकले. प्रॉसी दारातून बघत होती आणि स्वतःला चिमटे काढत होती. मुकीबीसाहेब खुर्चीतून उठले, कोट काढला, सदऱ्याची बाही वर सारली आणि कोपर माझ्या नाकापुढे धरला. लाल चट्टे, मनगटापर्यंत.

"वर्षभर मलमं चोळतोय!" ते ओरडले. "डॉक्टर म्हणतो साबण बदला. साबण बदलला. मग म्हणतो दूध सोडा. दूध सोडलं. आणि ही बया मला सांगते, बाबिर्ये उडाली!"

मला हसू येत होतं आणि दाबताही येत नव्हतं. शेवटी तेही हसले. मग बसले आणि म्हणाले, "आता ऐक. काढून टाकलं तर दोघींना काढावं लागेल, ठेवलं तर दोघींना ठेवावं लागेल. आणि तू त्या दिवशी काय केलंस ते मी ऐकलंय. नासूना निम्मी तिची, निम्मी तुझी. एक भाग ती, एक भाग तू. भिंतीवर दोघींचं चित्र. पगार सारखा. मला माझा हात परत पाहिजे."

कागद पुढे सरकवला. पेनही दिलं.

तुझ्यापासून काय लपवू? तोंडाला पाणी सुटलं. त्या गाद्यांच्या खोलीत मी पुन्हा उभी राहीन, साहेब काचेपलीकडे कानांवरची डबडी उतरवतील, भिंतीवर मी असेन. सही करायला हात टेबलावर ठेवला होता. आणि तुझं ते पत्र माझ्या पिशवीत होतं. सुरी, लाडू, बाबांचे हात. मला वाटलं, झालं, हा माणूसही सुरी घेऊन बसलाय, आणि लाडू ह्या वेळी तुझा आहे.

मी पेन ठेवलं. चांगुलपणानं नव्हे. रोज शेजारी उभी राहून तुझा तो निम्मा चेहरा बघायचा मला धीर नव्हता.

"साहेब, वाटणी झालेली आहे," मी म्हटलं. "तिला नासूना, मला हॉलचा परवाना. अख्खी अख्खी वस्तू दोघींना."

"आणि हे?" त्यांनी कोपर दाखवला.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि देवळातल्यासारखा आवाज काढला. "मी थोरली. जुळ्यांच्या वतीनं मी सांगते, आमचं पोट भरलं." त्यांनी डोळे मिटून घेतले होते, बिचाऱ्यांनी. दार ओढून घेताना मी म्हटलं, "तरी तो साबण बदललेलाच ठेवा."

आता काल. परवाना दाराला टांगलाय, काचेत बसवून. तुमच्या कंपनीनं पाठवलेली पेटी टीव्हीला जोडली, चित्र आलं, आणि आपल्या जुन्या डिस्कवर कधी नव्हतं इतकं स्वच्छ आलं. नासूनाच्या कपाळावर बारीक वण आहे, तुला ठाऊक होतं? दुपारचा खेळ, हॉल भरलेला. मी बाबांच्या खुर्चीत, हात मांडीवर. माइक कपाटात. तू बोलायला लागलीस.

थोडा वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या बाकावरच्या तेओपिस्तानं मान वळवली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाबिर्ये, तोंड मिटून कशी बोलतेस गं?"

सगळे वळले. तुला सांगते, तेव्हाही खोटं जिभेवर तयार होतं. आधीच बोलून ठेवलंय, म्हटलं असतं तर खपलं असतं. मी उभी राहिले. म्हटलं, "हा आवाज माझा नाही. माझ्या बहिणीचा आहे, नाकातोचा. फोनवरचाही तिचाच होता, पहिल्या दिवसापासून."

मग तेओपिस्ता म्हणाली, "आणि माझा फणस?"

"तो मी खाल्ला."

जे हसले म्हणतेस लोक! मागच्या बाकावरचा शिट्टी वाजवून म्हणाला, "तरीच पूर्वी नाकातोची सासू रडायला लागली की हिचं तोंड वाकडं व्हायचं." मी खाली बसले. कान तापले होते. पण बसले.

आणि मग तो प्रसंग आला. बर्फ, शाल, रताळी, बंद दार. 'दार उघड. मी काही मागायला आलेले नाही.' हॉलमध्ये कुणी हुंदका दिला, मग दुसऱ्या कोपऱ्यात कुणी दिला. बोडावाले नाकं ओढत होते. तेओपिस्तानं टोळांची पुडी खाली ठेवली, बाहीनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, "नाकातोच गं ती! बाबिर्येला असं कुठलं जमायला?"

"कुठलं जमायला!" दोघी-तिघी म्हणाल्या.

नाकातो, माझा जीव असा काही जळला म्हणतेस! जिभेचं टोक दातांत धरलं. रक्ताची चव आली. एक शब्द बोलले असते तर ते सगळं रडणं माझ्या नावावर झालं असतं, आणि ते खरं असतं. बोलले नाही. शेजारी आई बसली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिनं माझा हात घेतला आणि हळूच म्हणाली, "शेपूट गिळलं." मी म्हटलं, "आई, सिनेमा बघ."

तिनं आणखी काही विचारलं नाही. तू उडवल्याचं तिला कळलेलं नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही.

आता एवढं सगळं झाल्यावर हेवा संपला असेल असं वाटलं होतं. कुठला संपतोय? आज सकाळीच भाजीवालीच्या मांडीवरून तू हसलीस आणि मला मिरची झोंबली. तुलाही माझ्या शेपटाची झोंबत असेल, झोंबू दे. तेवढ्यात आपण सारख्या.

सेम्पाच्या हाती फणस पाठवतेय. मी तेओपिस्ताकडून पैसे देऊन आणला, ह्या वेळी फुकट नव्हता. सेम्पा कुरकुरतोय की हा एका माणसाची जागा खातो, एका माणसाचं भाडं दे. दिलं. आई सुरी घेऊन आली होती, सवयीनं. मी तिच्या हातातून काढून घेतली. फणस अख्खा आहे. प्रॉसीला देऊ नकोस, साहेबांना देऊ नकोस, माझ्यासाठी बाजूला काढू नकोस.

एकटीनं खा. पोट दुखतं, ते आधीच सांगून ठेवते.

बाबिर्ये